‘बायल्या’ : एका शब्दाची कुळकथा
(दिंद्रुड परिसराच्या भाषिक इतिहासाच्या संदर्भात)

पुरुषाच्या ठायी पुरुषपण उणे आहे असे सुचविणारे शब्द मराठीत थोडेथोडके नाहीत. षंढ, क्लीब, नपुंसक हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले. नामर्द, जनाना, खोजा, हिजडा हे फारसी-उर्दूच्या मार्गाने आले. शेळपट, नेभळट, पुळचट हे लोकभाषेने आपल्या गरजेप्रमाणे घडविले. या सर्वांत ‘बायल्या’ हा शब्द काहीसा वेगळा पडतो. तो परका नाही, शास्त्रातला नाही, दरबारातला नाही. तो घरातला आहे. पुरुषाच्या शरीरात काय आहे किंवा काय नाही, याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. पुरुष स्त्रीच्या किती जवळ आहे, एवढेच तो सांगतो, आणि तेवढ्यानेच तो शिवी होतो. हे कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या शब्दाचा विचार एखाद्या विशिष्ट भूभागाच्या आधाराने केल्यास तो अधिक फलदायी होतो. कारण शब्दांचे थर हे शेवटी सत्तेचे, व्यवहाराचे आणि उपासनेचे थर असतात. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव या दृष्टीने सोयीचे आहे. त्याच्या उत्तरेस गोदावरी व सिंदफणा यांचे खोरे, दक्षिणेस धारूरचा किल्ला आणि बालाघाटचे डोंगर, आणि त्याही पलीकडे योगेश्वरीचे अंबाजोगाई. मराठी वाङ्मयाच्या पहिल्या काळाशी या खोऱ्याचे नाते निकटचे आहे. पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये तो भारतात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झाला. संस्कृत धर्मशास्त्र, फारसी-उर्दू दरबार आणि मराठी घर ही तिन्ही येथे एकाच ठिकाणी नांदली. त्यामुळे पुरुषपणाविषयीचे तीन शब्दसमूह येथे शेजारी शेजारी उभे राहिलेले दिसतात.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘बायल्या’ हा शब्द ‘बाईल’ या नामास ‘-या’ प्रत्यय लागून झाला आहे. स्वरादी प्रत्ययापूर्वी ‘ई’चा ‘य’ होणे हे मराठीत नेहमीचेच होय. गूळ शिजविण्याची ‘काईल’ जशी विभक्तिप्रत्ययापूर्वी ‘कायली’ होते, तशीच ‘बाईल’ येथे ‘बायल’ झाली. ‘बाईल’ हा शब्द ‘बाई’पासून निघाला असून त्यातील ‘ल’ हा प्राकृतातील ‘-इल्ल’ या प्रत्ययाशी सामान्यतः जोडला जातो. जुन्या मराठीत पत्नीला ‘बाईल’ हा अगदी साधा व रोजचा शब्द होता. तुकारामांच्या गाथेतही तो पत्नी या अर्थाने येतो. कोकणीत ‘बायल’ आजही जिवंत आहे. प्रमाण मराठीने मात्र तिच्या जागी ‘बायको’ स्वीकारली आणि ‘बाईल’ जवळजवळ सोडून दिली. मूळ शब्द वापरातून गेला, पण त्याच्यापासून झालेली शिवी तेवढी उरली, असा हा प्रकार आहे. ‘बायल्या’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘बाईल’ बहुधा कधीच येत नाही.

या कुळाचा वरचा पुरुष पाहिला तर उतरंड अधिक स्पष्ट होते. ‘बाई’ हा मुळात आदराचा शब्द. मुक्ताबाई, जनाबाई ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. महानुभाव पंथात चक्रधरांच्या परिवारातील नागुबाई ‘बाइसा’ या आदरवाचक नावानेच ओळखल्या जातात. ‘बाई’ म्हणजे मान असलेली स्त्री. ‘बाईल’ म्हणजे कोणाची तरी पत्नी. आणि ‘बायल्या’ म्हणजे त्या पत्नीमुळे वा तिच्यासारखेपणामुळे ज्याचा मान गेला तो पुरुष. तीन पायऱ्यांत शब्द देव्हाऱ्यातून चुलीपाशी आणि चुलीपासून चव्हाट्यावर आला. स्त्रीवाचक शब्दाची किंमत आधी उतरली, आणि मग त्या उतरलेल्या किमतीने पुरुषाला मोजण्यात आले.

‘-या’ या प्रत्ययाकडेही लक्ष दिले पाहिजे. कारण अर्थाची अर्धी किल्ली त्याच्याकडे आहे. हा प्रत्यय ‘तो असलेला’, ‘त्याच्याशी संबंध असलेला’ किंवा ‘ते करणारा’ असा अर्थ देतो. लाकूडतोड्या म्हणजे लाकूड तोडणारा, नाच्या म्हणजे नाचणारा, चष्म्या म्हणजे चष्मा घालणारा. खंडोबाचा ‘वाघ्या’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. वाघ्या म्हणजे वाघ नव्हे. वाघाच्या कातड्याच्या भंडारपिशवीशी व त्या अनुषंगाने देवाशी संबंध असलेला भक्त. त्याच न्यायाने बायल्या म्हणजे बाईल नव्हे. बाईलेशी संबंध असलेला पुरुष. शब्दाची घडण साधर्म्याइतकीच सान्निध्यालाही वाव देते, आणि ही बारीक फट फार महत्त्वाची आहे. बाईलवेडा म्हणजे बायकोच्या नादी लागलेला. बाईलबुद्ध्या म्हणजे बायकोच्या बुद्धीने चालणारा. हे समास त्या सान्निध्याच्या अर्थाचेच साक्षीदार आहेत. या पुरुषांत शारीरिक न्यून आहे असे कोणी सुचवीत नाही. उलट त्यांची बायको आहे, आणि ते तिचे ऐकतात, हाच त्यांचा अपराध.

याच प्रत्ययाचा दुसरा स्वभाव तुच्छतेचा आहे. गणपतचा ‘गणप्या’, रामाचा ‘राम्या’, दगडूचा ‘दगड्या’ होतो. आई मुलाला अशी हाक मारते तेव्हा ती लाडाची असते; पण जुन्या गावगाड्यात वतनदाराने राबणाऱ्या माणसाला मारलेली हाकही याच घाटाची होती. ज्याचे नाव पूर्ण घ्यावे लागत नाही त्याच्या नावाला ‘-या’ लागे. ‘बायल्या’ या शब्दात हे दोन्ही स्वभाव एकत्र आले. ‘बायकी’ या विशेषणाशी तुलना केल्यास हे चांगले कळते. ‘बायकी आवाज’, ‘बायकी चाल’ असे म्हणताना बोलणारा एखाद्या लकबीचे वर्णन करतो. माणूस शिल्लक राहतो. ‘बायल्या’ हे नाम आहे, आणि बहुतेक वेळा ते संबोधन म्हणूनच येते. ते लकबीचे वर्णन करीत नाही. माणसाच्या नावाच्या जागी येऊन बसते.

आता शेजारचे दोन शब्दसमूह पाहू, म्हणजे ‘बायल्या’चे वेगळेपण नीट लक्षात येईल.

संस्कृत समूह हा मुख्यतः शरीराचा, धर्मशास्त्राचा आणि व्याकरणाचा आहे. अमरकोशात क्लीब, पंड, षंढ, नपुंसक आणि तृतीया प्रकृती हे शब्द एका पर्यायमालेत येतात. ‘नपुंसक’ या शब्दात ‘न’ आणि ‘पुंस्’ हे घटक उघड आहेत; व्याकरणात तोच शब्द तिसऱ्या लिंगाचे नाव झाला, आणि ‘क्लीब’ हाही त्याच अर्थाने वापरला गेला. सुश्रुताने या अवस्थेचे प्रकार वैद्याच्या दृष्टीने सांगितले; नारदस्मृतीने विवाहाच्या संदर्भात पंडाचे चौदा प्रकार मोजले. मनू व याज्ञवल्क्य यांनी क्लीबाला दायभागातून वगळले, आणि त्याच्या पोषणाची जबाबदारी मात्र कुटुंबावर ठेवली. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बीडपासून फार दूर नाही. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वारसाचे निवाडे पुढे शतकानुशतके या ग्रंथाच्या आधारे होत राहिले. तेव्हा ‘क्लीब’ हा शब्द येथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ पोथीतला नव्हता. जमिनीच्या वाटणीत त्याला किंमत होती. हा नियम सैल होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात अशा बहुतेक अपात्रता दूर केल्या, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष वा व्यंग यांवरून वारसा नाकारण्याची वाट बंद केली.

तथापि याच समूहातील शब्द आचरणालाही लावले गेले आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला ज्या दोषाविषयी बजावतात तो ‘क्लैब्य’ होय. आणि तेथे अर्जुनाला झाले आहे ते एवढेच की आप्तांना पाहून त्याचे मन द्रवले आहे. तोच अर्जुन विराटपर्वात वर्षभर बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवितो, आणि त्याच्या पराक्रमाला त्यामुळे काही उणेपणा येतो असे महाभारतकार मानीत नाही. वेश एकीकडे आणि पुरुषपण दुसरीकडे, असा हा विवेक येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुसरा समूह फारसी-उर्दूचा. तो दरबाराचा आणि रणांगणाचा आहे. फारसी ‘मर्द’ हा शब्द व्युत्पत्तीने संस्कृत ‘मर्त्य’ या शब्दाचा भाऊ. मुळात ‘मरणारा तो माणूस’ एवढाच त्याचा अर्थ. फारसीत माणसाचा पुरुष झाला आणि मराठीत आल्यावर पुरुषाचा वीर झाला. मर्दुमकी, मर्दानी खेळ, नामर्द हे सर्व शब्द शौर्याच्या मापाने बोलतात. ‘जनाना’तील ‘जन’ म्हणजे स्त्री. तोही वैदिक ‘जनि’ या शब्दाचा सगा. स्त्रियांचा महाल तो जनाना आणि त्यावरून स्त्रीसारखा वागणारा पुरुषही जनाना. ‘खोजा’ची कथा उद्बोधक आहे. फारसी ‘ख्वाजा’ म्हणजे स्वामी, प्रतिष्ठित गृहस्थ. अंतःपुरावर नेमलेल्या खच्ची केलेल्या अधिकाऱ्यास सन्मानाने ही पदवी देण्यात आली, आणि मराठीत तिचा सन्मान गळून ‘खोजा’त केवळ ती शारीरिक अवस्था उरली. सौम्य शब्द योजून अप्रिय गोष्ट झाकावी, आणि काही काळाने त्या गोष्टीने शब्दच डागळावा, हा भाषेतील नित्याचा व्यवहार आहे. ‘हिजडा’ या शब्दाच्या दोन उपपत्ती सांगितल्या जातात. आपले मूळ कुळ सोडून जाणे असा अर्थ असलेल्या अरबी धातूशी त्याला काही जण जोडतात. फारसी ‘हीज’ म्हणजे स्त्रैण पुरुष, त्यास ‘-डा’ हा देशी प्रत्यय लागला, असे दुसरे मत आहे. ‘मुखडा’, ‘जिवडा’ अशा शब्दांतील ‘-डा’ पाहता दुसरी उपपत्ती रूपाच्या दृष्टीने अधिक सरळ वाटते.

निजामाच्या राज्यात फारसीमागून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि शाळा, कचेरी व पोलीस चौकी यांच्या द्वारे ती मराठवाड्याच्या गावागावांत पोहोचली. त्यामुळे या समूहातील शब्द येथे जिभेवर सहज रुळले. त्यांतील एका शब्दाने जो अर्थ व्यक्त होतो तो संस्थानाच्या कायद्यातही शिरला. फसली १३२९, म्हणजे इ. स. १९१९ मध्ये, हैदराबाद संस्थानाने हिजड्यांविषयी एक कायदा केला. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातील अशाच तरतुदींशी त्याचे साम्य होते. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणी राहणाऱ्या अशा व्यक्तींची नोंदवही ठेवावी, नोंदलेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसल्यास अथवा सार्वजनिक जागी नाचगाणे केल्यास तिला वॉरंटाशिवाय अटक करावी, असे त्यात होते. वेश हाच येथे गुन्हा ठरला. संस्थान १९४८ मध्ये संपले, तरी तेलंगणाच्या प्रदेशात हा कायदा कागदावर टिकून राहिला, आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

या दोन समूहांच्या तुलनेत ‘बायल्या’ कोणत्याच कायद्यात आला नाही. कोणत्याही स्मृतीने त्याला वारसातून वगळले नाही, कोणत्याही चौकीत त्याची नोंदवही ठेवली गेली नाही. त्याचे न्यायालय पार, ओसरी आणि पाणवठा हे होते. शरीराचा दोष वैद्याने तपासावा लागतो, शौर्याची परीक्षा रणात व्हावी लागते. परंतु बायल्या कोण हे ठरविण्यास शेजाऱ्याची नजर पुरते. ‘बायकांत पुरुष लांबोडा’ ही म्हण हेच सांगते. बायकांच्या घोळक्यात बसलेला पुरुष वेगळा उठून दिसतो. त्याने काय केले हे विचारण्याचे कारण उरत नाही.

येथे एक शंका उपस्थित होईल. स्त्रीशी सान्निध्य किंवा साधर्म्य हेच जर या शिवीचे बीज असेल, तर स्त्रीरूप धारण करणाऱ्या सर्वच पुरुषांना ती लागावयास हवी होती. तशी ती लागली काय? मराठी संस्कृतीचा इतिहास याचे उत्तर नकारार्थी देतो, आणि तो नकारच या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो.

वारकरी परंपरेत विठ्ठल हा माउली आहे, ज्ञानेश्वर माउली आहेत, आणि वारीच्या वाटेवर एक दाढीमिशा असलेला शेतकरी दुसऱ्याला ‘माउली’ म्हणूनच हाक मारतो. संतांच्या गौळणी आणि विरहिणी स्त्रीच्या तोंडी आहेत. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांतून स्त्रियांची अनेक सोंगे उभी केली, आणि गोदाकाठच्या गावांत पुरुष लुगडे नेसून ती सोंगे वठवीत आले. या भक्तांना कोणी बायल्या म्हटले नाही. मरीआईचा पोतराज तर याहून लक्षणीय आहे. वाढविलेले केस, कमरेला रंगीत कापडाचा घागरा, हातात कोरडा, अशा वेशात तो मराठवाड्याच्या गावांतून हिंडे. त्याला पाहून मुले भीत; कोणी हसत नसे. त्याच्या नावाचे मूळ तेलुगू ‘पोतुराजु’ या देवीच्या भाऊबंद-रक्षकाच्या नावात आहे, आणि तेलुगूत ‘पोतु’ म्हणजे नर, विशेषतः रेडा. घागरा घालणाऱ्या पुरुषाच्या नावातच ‘नरांचा राजा’ दडलेला असावा, हा योगायोग भाषाभ्यासकाने विसरता कामा नये. पोतराजाच्या घागऱ्यामागे देवीचा अधिकार उभा होता. म्हणून तो घागरा वेशच राहिला, लांछन झाला नाही.

रंगभूमीवर हा भेद अधिक उघडा पडतो. संगीत नाटकाच्या वैभवकाळात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. भाऊराव कोल्हटकर यांची सुभद्रा आणि नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या भामिनी, रुक्मिणी व सिंधू यांनी दोन पिढ्यांना वेड लावले. बालगंधर्वांच्या नऊवारीचा, केशरचनेचा आणि दागिन्यांचा कित्ता प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी गिरविला. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अशा नटाला मराठीने ‘स्त्रीपार्टी’ हा काहीसा धंदेवाईक, पण तुच्छता नसलेला शब्द दिला. तमाशाच्या फडात तेच काम करणारा पोऱ्या मात्र ‘नाच्या’ ठरला. स्त्रिया फडावर येण्यापूर्वी नाच्या पोऱ्याच स्त्रीचे काम करी. पवळा हिवरगावकरीण हिच्यासारख्या कलावतीण फडावर गाजू लागल्यावर तो नायिकेच्या जागेवरून हटला आणि हास्याचा विषय होऊन मागे राहिला. वेश एक, हावभाव एक, कलाही एका जातीची. परंतु एकाच्या प्रेक्षागृहात शालजोडीवाले बसले होते आणि दुसऱ्याच्या कनातीत राबणारे लोक. एकाला ‘गंधर्व’ म्हटले, दुसऱ्याला ‘-या’ लागला.

हे लांछन रंगमंचावर थांबले नाही. कोल्हापूरचे नट गणपत पाटील (मृत्यू २००८) यांनी तमाशापटांतील नाच्या इतका हुबेहूब रंगविला की प्रेक्षक नट व भूमिका यांत भेद करीनासे झाले, आणि प्रपंचातल्या या गृहस्थाला त्याचा जाच सोसावा लागला. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीचा, आणि तिच्यावरून २०१० मध्ये आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाचा, विषय हाच आहे. पैलवानी देहाचा शेतमजूर फडासाठी नाच्या होतो, आणि त्याचा देह तोच असताना गाव त्याला पुरुष मानीनासे होते.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. ‘बायल्या’ हा शब्द स्त्रीसारख्या पुरुषाला लागत नाही. स्त्रीसारखा असून ज्याच्या पाठीशी देव, जात, धन वा मान यांपैकी कशाचाही अधिकार नाही त्याला तो लागतो. तसेच तो बायकोजवळच्या प्रत्येक पुरुषाला लागत नाही. घरातील आपला अधिकार ज्याने बायकोबरोबर वाटून घेतला त्याला लागतो. म्हणजे त्याचा विषय पुरुषत्व हा वरवर आहे. खोलवर त्याचा विषय अधिकार हा आहे. अधिकार गमावलेला पुरुष स्त्रीच्या पंक्तीत बसतो, असे हा शब्द गृहीत धरतो. ‘हातात बांगड्या भरल्या आहेत काय?’ हा सवाल, किंवा निष्क्रिय अधिकाऱ्याच्या मेजावर मोर्चाने केलेला बांगड्यांचा आहेर, याच गृहीतावर उभा असतो. पुष्कळदा तो आहेर करणाऱ्या स्त्रियाच असतात, हे या गृहीताच्या बळाचे गमक होय. याउलट शूर स्त्रीला ‘मर्दानी’ म्हटले की तिचा गौरव होतो. पुरुषाकडे चढण आणि स्त्रीकडे उतार, अशी ही शब्दांची भूमी आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा रोकडा प्रश्न विचारला. तो प्रश्न समाजाच्या रीतींना उद्देशून असला तरी कोशालाही तितकाच लागू पडतो.

पौरुष आणि बल यांचे समीकरणही शेतकऱ्याच्या भाषेने पूर्वीच सैल केले आहे. अरबीतील ‘खसी’वरून आलेला ‘खच्ची’ हा शब्द माणसाच्या संदर्भात आज अपमानाचा व खचविण्याचा झाला. ‘खच्चीकरण’ वृत्तपत्रांत रोज वाचावयास मिळते. परंतु औताला आणि गाडीला जुंपला जाणारा बैल खच्ची केलेलाच असतो. पोळ्याला त्याचीच शिंगे रंगवितात, त्यालाच पुरणपोळीचा घास देतात. ‘बैल’ हा शब्द माणसाला लावला तर मंदबुद्धी असा अर्थ होतो. नामर्द असा कधीच होत नाही. ज्या बळावर शेती उभी राहिली ते बळ वळूचे नव्हे, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. ते ज्ञान त्याने माणसाविषयीच्या शब्दांत मात्र उतरविले नाही.

दिंद्रुडच्या परिसरात या शब्दाला आज सर्वांत मोठे आव्हान अनपेक्षित जागेवरून मिळाले आहे. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल मिळते ती जोडीला. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. पुरुष ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहते, किंवा तीही कोयता चालविते. येथे बायकोवाचून पुरुषाची किंमत निम्मी होते, आणि हे कोणी उपदेशक सांगत नाही, रोखीचा व्यवहार सांगतो. व्यवहाराने स्त्रीपुरुषांचा एक शब्द केला. शिवीने त्यांचे दोन केले. ‘कोयता’ या शब्दात बाईलेशी जोडलेला पुरुष हे कामाचे पूर्ण माप आहे, ‘बायल्या’त तोच पुरुष उणा आहे. दोन्ही शब्द एकाच फडात, एकाच तोंडी असतात. अर्थात ‘कोयता’ हा काही समतेचा शब्द नव्हे; त्या जोडीचा रोजगार बहुधा पुरुषाच्या हाती पडतो, आणि परतल्यावर चूल बाईचीच असते. परंतु श्रमाच्या भाषेने जे कबूल केले ते मानाच्या भाषेने कबूल केलेले नाही, ही विसंगती तो उघड करतो.

अलीकडच्या काळात या क्षेत्रातील शब्दसंपत्ती बदलत आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये त्याविषयीचा कायदा झाला. मराठी वृत्तपत्रांनी व शासनाने ‘हिजडा’ टाळून ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ केला. त्याची घडण मनोरम आहे. ‘तृतीय’ हे अमरकोशातील व कामसूत्रातील ‘तृतीया प्रकृती’ची आठवण करून देते, पण ‘प्रकृती’च्या जागी मराठीने ‘पंथ’ ठेवला, तोच पंथ जो नाथांचा, महानुभावांचा व वारकऱ्यांचा आहे. जन्माने मिळालेल्या देहस्वभावाऐवजी गुरू, शिष्य आणि आचार असलेली वाट त्यातून सूचित होते. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी मात्र आपल्या २०१२ मधील आत्मकथनाच्या शीर्षकात ‘हिजडा’ हा शब्दच हेतुपुरस्सर ठेवला. शब्द बदलणे आणि शब्दाची लाज झुगारणे, अशा दोन वाटा त्या समाजापुढे होत्या, आणि त्याने दोन्ही चोखाळल्या.

‘बायल्या’ला अशी कोणतीच वाट मिळालेली नाही. त्याला पर्यायी सौम्य शब्द नाही, कारण तो कोणत्याही समुदायाचे नाव नाही. तो एका भीतीचे नाव आहे, आणि ती भीती प्रत्येक मुलाला लहानपणीच दिली जाते. रडलास तर, नाचलास तर, आईच्या पदराशी बसलास तर, पुढे बायकोचा सल्ला घेतलास तर. मराठीत तिसरे लिंग नेहमीच तुच्छतेचे नसते. ‘लेकरू’ हा मराठवाड्याचा लाडका शब्द नपुंसकलिंगी आहे. मुलगा असो की मुलगी, ते लेकरूच. ज्या भाषेने बालकाला लिंगाच्या ओझ्यातून एवढ्या सहजतेने मोकळे ठेवले, तिनेच ते लेकरू मोठे होताच त्याच्यापुढे ‘बायल्या’ हा शब्द उभा केला.

सारांश, हा शब्द व्युत्पत्तीने निरपराध आहे. बाई या आदरवाचक शब्दाचा तो नातू, बाईल या साध्या शब्दाचा पुत्र. त्याचा अक्षरार्थ ‘बाईलेचा माणूस’ एवढाच. त्यातील विष मुळातून आलेले नाही. स्त्रीची जी किंमत समाजाने ठरविली तिच्यातून ते पाझरले आहे. म्हणून केवळ हा शब्द कोशातून वा बोलण्यातून काढून टाकल्याने फारसे साधणार नाही; त्याच्या जागी दुसरा येईल, जसा ‘ख्वाजा’चा ‘खोजा’ झाला. ज्या दिवशी ‘बाई’ला तिचा पहिला मान परत मिळेल, त्या दिवशी ‘बाईलेचा माणूस’ म्हणवून घेण्यात कोणालाही लाज वाटणार नाही, आणि हा शब्द आपोआप निरुपद्रवी होऊन जुन्या मराठीच्या अभ्यासकांपुरता उरेल.